बागेतल्या पाट्यांवर क्यूआर कोड लावताना

बागेत चालता चालता माणूस एखाद्या झाडापाशी थांबतो, मान वर करून पाहतो आणि सोबतच्याला विचारतो, "हे कसलं झाड?" उत्तर मिळालं नाही, तर अर्ध्या मिनिटात तो पुढे निघून जातो. पाटीवरचा क्यूआर कोड या अर्ध्या मिनिटासाठी असतो. कोड बनवायला दोन मिनिटं लागतात आणि ते कुणालाही जमतं. कोड उघडल्यावर काय दिसावं, तो वर्षानुवर्षं कसा चालत राहावा आणि पाटी नेमकी कुठे उभी करावी, हे ठरवण्यातच खरा वेळ जातो. तुम्ही बागेची देखभाल करत असाल, स्वयंसेवक असाल किंवा विद्यार्थ्यांना घेऊन झाडांची नोंद करत असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. कामं ज्या क्रमाने करावीत असं मला वाटतं, त्याच क्रमाने ती सांगतो.

पहिली फेरी: कागद, पेन्सिल आणि माळी

संगणक उघडण्याआधी बागेत एक फेरी मारा. सोबत बागेचा माळी हवा. लोक कोणत्या झाडापाशी थांबतात, काय विचारतात, कुठे सावलीत टेकतात, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. त्याला विचारून पहिली बारा-पंधरा झाडं निवडा. सगळ्या बागेला एकदम कोड लावायचा मोह आवरा. पन्नास पाट्या लावून त्यातल्या चाळीस अर्धवट माहितीच्या ठेवण्यापेक्षा बारा पाट्या नीट असलेल्या बऱ्या.

प्रत्येक झाडापाशी उभं राहून फोनवर एखादं वेबपान उघडून बघा. दाट झाडीत आणि सखल जागी नेटवर्क अनेकदा जातं. जिथे पान उघडायला दहा सेकंदांहून जास्त लागतात, तिथे कोड लावू नका. त्या झाडासाठी साधी छापील पाटी थोडी मोठी करा. वाट पाहायला लावणारा कोड माणूस एकदा स्कॅन करतो आणि मग बागेतल्या बाकीच्या कोडांकडेही बघत नाही.

झाडाची ओळख पक्की करा

ही पायरी सर्वात जास्त वेळा चुकते, म्हणून इथे थोडा थांबतो. अशोकाचंच उदाहरण घ्या. रस्त्याकडेला आणि बागांच्या कडेने सरळ खांबासारखी वाढणारी, कडांना लाटा असलेल्या लांब पानांची झाडं सर्रास अशोक म्हणून ओळखली जातात. खरा अशोक, म्हणजे सीता अशोक, शास्त्रीय नाव सराका असोका, हे वेगळंच झाड आहे. त्याचं पान संयुक्त असतं, म्हणजे एका देठावर अनेक पर्णिका. फुलांचे नारिंगी-पिवळे झुबके फांद्यांवर आणि कधी खोडावरही थेट येतात आणि पुढे लाल होत जातात. त्या फुलांना पाकळ्या नसतातच. जे रंगीत दिसतं ते निदलपुंज, म्हणजे एरवी पाकळ्यांच्या बाहेर असणारं आवरण असतं. पाटीवर नुसतं "अशोक" लिहून खांबासारख्या झाडाशेजारी ती उभी केली, तर चुकीचीच ओळख आणखी पक्की होते, आणि या वेळी तुमच्या सहीशिक्क्यासह.

नाव ठरवताना लंडनमधल्या क्यू इथल्या शाही वनस्पती उद्यानाची 'प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन' ही सूची तपासा. आज कोणतं शास्त्रीय नाव मान्य आहे आणि जुनी नावं कोणती, हे तिथे कळतं. ही नावं बदलतात. खांबासारख्या त्या झाडाला पॉलिअल्थिया लाँजिफोलिया म्हणत, आता मोनून लाँजिफोलियम म्हणतात. बाभळीचं अकेशिया निलोटिका हे नाव आता व्हॅचेलिया निलोटिका झालं आहे. कोडामागचं पान असल्या वेळी उपयोगी पडतं. धातूच्या पाटीवरचं नाव खोडता येत नाही, पानावरचं पाच मिनिटांत बदलता येतं. शंका राहिली, तर वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराला झाड प्रत्यक्ष दाखवा. केवळ फोन ॲपने सुचवलेल्या नावावर पाटी छापू नका.

आधी पान लिहा, कोड नंतर

कोड कुठे घेऊन जाणार, ती जागा आधी तयार हवी. वाचणारा माणूस उभा आहे, एका हातात फोन आहे, दुसऱ्या हातात कदाचित मुलाचा हात आहे आणि पडद्यावर ऊन पडलं आहे. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवून लिहा. शंभर ते दीडशे शब्द पुरतात. त्याहून मोठी माहिती असेल, तर ती खाली "आणखी वाचा" म्हणून ठेवा.

पहिलं वाक्य समोर दिसणाऱ्या गोष्टीबद्दल असावं. "हा वृक्ष अमुक कुळातील असून त्याचा आढळ अमुक प्रदेशात आहे" ही पुस्तकी सुरुवात उभ्या माणसाला पकडून ठेवत नाही. वडाच्या पानावर असं लिहिता येईल: "खाली पडलेलं एखादं लाल फळ उचलून मधून फोडा. आत जे बारीक दाणे दिसतात, ती याची फुलं होती. वडाची फुलं बाहेर कधीच दिसत नाहीत. ती फळाच्या आतच उमलतात आणि एक इवलीशी गांधीलमाशी वरच्या सूक्ष्म भोकातून आत शिरून परागण करते." हे वाचून माणूस खाली वाकतो. फोन खिशात टाकून तो फळ फोडायला लागला, की पानाचं काम झालं.

ऋतूनुसार पान बदला. हे छापील पाटीला कधीच जमणार नाही. बहावा फुललेला असेल, तेव्हा फुलांबद्दल लिहा. फुलं गेली आणि नुसत्या काळ्या लांब शेंगा लटकत राहिल्या, की वरचा परिच्छेद शेंगांचा करा आणि सोबत फुललेल्या झाडाचा फोटो ठेवा. वर्षातून तीन-चार वेळा एवढा बदल केला, तरी रोज बागेत येणारी माणसं तोच कोड पुन्हा उघडून बघतात.

माळ्याचा आवाज मिळाला तर जरूर घ्या. त्या झाडाबद्दल तो मिनिटभर जे बोलेल, ते फोनवरच ध्वनिमुद्रित करून पानावर ठेवा. ज्यांना वाचता येत नाही किंवा नीट दिसत नाही, त्यांच्यासाठी तोच मुख्य मजकूर ठरतो. ध्वनी आपोआप सुरू होऊ नये, बटण दाबल्यावरच व्हावा. बागेतली शांतताही जपायची आहे.

पान हलकं ठेवा. फोटो तीन-चार पुरेत, तेही आकाराने कमी करून. सगळं मिळून अर्ध्या एमबीच्या आत बसवण्याचा प्रयत्न करा. पान उघडताच नाव-नंबर मागणारी चौकट, ॲप डाउनलोड करा म्हणणारी पट्टी, जाहिरात, यातलं काहीही नको.

भाषेचा प्रश्न इथेच सोडवा. 2011 मध्ये इंग्लंडमधल्या डर्बी संग्रहालयात 'क्यूआरपीडिया' नावाची सोय सुरू झाली. कोड एकच, पण स्कॅन करणाऱ्याच्या फोनची भाषा ओळखून विकिपीडियावरचा त्या भाषेतला लेख उघडायचा. हीच कल्पना तुमच्या पानाला लावा. दोन किंवा तीन भाषांतला मजकूर एकाच पत्त्यावर असू द्या आणि वरती भाषा बदलण्याची ठळक बटणं द्या. पाटीवर तीन भाषांचे तीन कोड शेजारी शेजारी लावले, तर फोन भलताच कोड उचलतो.

पत्ता: तुमच्याच हातातला आणि छोटा

माझ्या पहिल्या चौदा पाट्या इथेच फसल्या. एका संकेतस्थळावर फुकट कोड बनवून मिळत होते, ते घेतले, छापले, बसवले. काही आठवड्यांनी सगळेच कोड झाडाच्या माहितीऐवजी "मुदत संपली, पैसे भरा" असं पान उघडू लागले. त्या कोडांत माझ्या पानाचा पत्ता नव्हताच. त्यांच्या संकेतस्थळाचा पत्ता होता आणि तिथून ते पुढे पाठवत होते. चौदाही पाट्यांवर नवा कोड चिकटवावा लागला. एक शाळकरी मुलगी कडुनिंबापाशी उभी राहून ते पैसे मागणारं पान वाचत होती, ते बघून मला फार वाईट वाटलं होतं.

कोडांचे दोन प्रकार त्या दिवशी मला नीट कळले. स्थिर कोडात अंतिम पत्ता थेट कोरलेला असतो. त्याला मुदत नसते आणि तो कुणी बंद करू शकत नाही. बदलत्या म्हणजे डायनॅमिक कोडात मधल्या एखाद्या सेवेचा पत्ता असतो. ती सेवा थांबली, की कोड मेला. तुम्ही स्थिर कोडच घ्या, पण त्यात स्वतःच्या किंवा बागेच्या डोमेनचा, म्हणजे आपल्या नावे नोंदवलेल्या संकेतस्थळाच्या नावाचा, छोटा पत्ता घाला. पुढे पान दुसरीकडे हलवायचं झालं, तर आपल्याच डोमेनवरून ते वळवता येतं. म्हणजे बदलण्याची सोयही राहते आणि किल्लीही आपल्याकडे राहते. डोमेन बागेच्या किंवा संस्थेच्या नावावर नोंदवा, एखाद्या उत्साही स्वयंसेवकाच्या खासगी खात्यावर नको. नूतनीकरणाची तारीख दोघांच्या दिनदर्शिकेत असू द्या.

पत्ता छोटा हवा, याचं कारण थेट कोडाच्या रचनेत आहे. क्यूआर कोडाचे 40 आकार असतात. सर्वात लहान कोडात 21 गुणिले 21 घरं, म्हणजे काळे-पांढरे चौकोन, पुढच्या प्रत्येक आकारात बाजूला चार घरं जास्त, आणि सर्वात मोठ्यात 177 गुणिले 177. मजकूर वाढला की घरं वाढतात. पाटीवरची जागा तेवढीच असल्याने घरं बारीक होतात आणि फोनला ती लांबून वाचता येत नाहीत.

हिशोब करून दाखवतो. पत्ता एकूण 23 अक्षरांचा आहे आणि तो सगळा मोठ्या रोमन अक्षरांत व अंकांत लिहिला, तर खाली सांगितलेल्या 25 टक्क्यांच्या दुरुस्तीसह तो 25 गुणिले 25 घरांत बसतो. तोच पत्ता छोट्या रोमन अक्षरांत लिहिला, तर 29 गुणिले 29 घरं लागतात, कारण मोठी अक्षरं आणि अंक कोड अधिक दाटीने साठवतो. आणि ब्राउझरमधून तसाच उचललेला 90 अक्षरांचा पत्ता घातला, तर 49 गुणिले 49. पाच सेंटिमीटरच्या कोडात पहिल्या पत्त्याचं एक घर 2 मिलिमीटरचं येतं, शेवटच्याचं जेमतेम 1 मिलिमीटरचं. मोठी अक्षरं वापरताना एकच काळजी घ्या. डोमेनच्या नावात लहान-मोठ्या अक्षरांनी फरक पडत नाही, पण तिरप्या रेघेनंतरच्या भागात पडू शकतो. म्हणून त्या भागात फक्त अंक ठेवा.

पत्त्यात झाडाचं नाव देवनागरीत घालावंसं वाटेल. वाटणं साहजिक आहे, पण टाळा. ब्राउझरमधून असा पत्ता कॉपी केला, की देवनागरीच्या प्रत्येक अक्षरचिन्हाची नऊ रोमन चिन्हं होतात. "वड" एवढे दोनच लिहिले तरी अठरा होतात. काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. झाडाला क्रमांक द्या, पत्त्यात तो क्रमांक ठेवा आणि मराठी नाव पाटीवर मोठ्या अक्षरांत झळकू द्या.

कोड बनवताना

1994 मध्ये जपानमधल्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा कोड घडवला, तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. कारखान्यातल्या तेला-डागांतही तो वाचता यावा, म्हणून त्यात चूक दुरुस्तीची सोय आहे. तिच्या चार पातळ्या असतात: एल, एम, क्यू आणि एच. त्यांत साधारण 7, 15, 25 आणि 30 टक्के भाग खराब झाला, तरी मजकूर परत मिळतो. बागेत धूळ, चीक, पक्ष्यांची विष्ठा, ओरखडे हे ठरलेलंच असतं, म्हणून मी क्यू पातळी घेतो. एच घेतली तर घरं वाढून कोड पुन्हा दाट होतो.

मधोमध बागेचं चिन्ह बसवण्याची हौस असते. त्यासाठी ही दुरुस्तीचीच शिल्लक खर्ची पडते, मग डाग पडल्यावर हाती काही उरत नाही. चिन्ह पाटीच्या कोपऱ्यात लावा.

कोडाभोवती चारही बाजूंनी निदान चार घरांएवढी पांढरी मोकळी जागा सोडा. छापखान्यात "रिकामी जागा वाया जातेय" म्हणून ती कापली जाते, तेव्हा मजकुराच्या कागदावर तसं लिहूनच द्या. रंग गडदावर फिका असा उलटा नको. फिक्या पांढऱ्यावर काळा किंवा अगदी गडद हिरवा चालतो. लाकडी रंगावर तपकिरी कोड दिसायला देखणा असतो, पण संध्याकाळी तो वाचला जात नाही. छापखान्याला फाइल देताना एसव्हीजी किंवा पीडीएफ द्या. व्हॉट्सॲपवरून पाठवलेलं चित्र मोठं केलं, की कडा धूसर होतात.

आकारासाठी सोपा आडाखा असा आहे: माणूस जितक्या अंतरावर उभा राहणार, त्याचा दहावा भाग कोडाची बाजू. अर्ध्या मीटरवरून 5 सेंटिमीटर. फुलांचा वाफा मध्ये असेल आणि पाटी दीड मीटर आत असेल, तर 15 सेंटिमीटर. इतका मोठा कोड पाटीवर बरा दिसत नसेल, तर पाटी वाफ्याच्या कडेला आणा. लोकांना वाफा तुडवत पुढे यावं लागलं, तर त्यात चूक पाटी लावणाऱ्याची.

पाटी कोडाविनाही पूर्ण हवी

ज्याच्याकडे फोन नाही, ज्याची बॅटरी संपली आहे, ज्याला फोन काढायचाच नाही, त्याला पाटीवरून झाड कळलं पाहिजे. या बाबतीत मी कधी तडजोड करत नाही. वर मराठी नाव मोठं, त्याखाली शास्त्रीय नाव रोमन लिपीत तिरप्या अक्षरांत, मग कूळ, आणि झाडाबद्दल एक जिवंत ओळ. कोड या सगळ्याच्या खाली किंवा उजवीकडे. त्याच्याशेजारी नुसतं "स्कॅन करा" लिहू नका. उघडल्यावर काय मिळेल ते लिहा: "फुललेला बहावा पाहा", "या झाडाबद्दल माळीकाका काय सांगतात, ऐका". कोडाखाली तोच छोटा पत्ता वाचता येईल असा छापा, म्हणजे कोड खराब झाला तरी तो टाइप करता येतो. नजर अधू असलेल्यांसाठी कोडाभोवती बोटाला लागेल अशी उंचवट्याची चौकट केली, तर कॅमेरा कुठे धरायचा ते समजतं.

पाटी चकचकीत नको. चमकदार लॅमिनेशनवर ऊन पडलं, की कोडाच्या जागी फक्त पांढरा झोत दिसतो. मॅट लॅमिनेशन घ्या आणि शाई ऊन सोसणारी आहे ना, ते छापणाऱ्याला विचारून घ्या. स्टीलवर नुसता कोरलेला कोड टिकतो खरा, पण काळं-पांढरं अंतर नसल्याने फोन गोंधळतो. कोरलेल्या भागात काळा रंग भरून घ्यावा.

पाटी झाडाला ठोकू नका. खिळ्याने सालीखालच्या जिवंत थराला जखम होते आणि तिथून बुरशी व कीड शिरू शकते. तारेने आवळली, तर खोड जाड होताना तार आत रुतते. शिवाय गोल खोडावर वळलेला कोड वाचलाच जात नाही. वेगळा खांब रोवा, मुळं चुकवून, पाऊलवाटेच्या कडेला. पाटीचा मध्य जमिनीपासून साधारण 80-90 सेंटिमीटरवर आणि पाटी मागे कललेली असली, तर उभा माणूस, मूल आणि चाकाच्या खुर्चीत बसलेली व्यक्ती अशा तिघांनाही सोयीचं पडतं. पानांतून गळणारे उन्हाचे कवडसे थेट कोडावर येत असतील, तर जागा थोडी सरकवा. काळ्या-पांढऱ्या घरांवर उजेड-सावलीची आणखी एक जाळी पडली, की ते फोनला सुटं करता येत नाही. पाण्याच्या फवाऱ्याची फेक कुठवर जाते, तेही पाहा.

छापण्याआधी आठवडाभर चाचणी

साध्या कागदावर कोड छापून पुठ्ठ्याला चिकटवा आणि ठरलेल्या जागी, ठरलेल्या उंचीला बांधा. सकाळी, भर दुपारी आणि दिवेलागणीला स्कॅन करा. नवा फोन सगळंच वाचतो, त्यामुळे मुद्दाम जुना, कॅमेऱ्याची काच घासलेला फोन मागून आणा. आयफोनच्या कॅमेऱ्यात थेट कोड वाचण्याची सोय 2017 मध्ये आयओएस 11 पासून आली. त्याआधीच्या आणि काही जुन्या अँड्रॉइड फोनांना वेगळं ॲप लागतं.

मग बाजूला बसून नुसतं बघा. कुणालाही काही शिकवू नका. कुणी कोड न पाहताच पुढे गेलं, कुणी फोन फार जवळ धरला, कुणा आजोबांना उघडलेली लिंक दाबायची असते हेच समजलं नाही, असं बरंच दिसेल. त्या आजोबांसाठी बागेच्या दाराशी एक मोठी पाटी लावा: कॅमेरा उघडा, कोडासमोर धरा, वर येणारी ओळ दाबा.

लावल्यानंतर

महिन्यातून एकदा प्रत्येक कोड स्वतः स्कॅन करा, पाटी ओल्या फडक्याने पुसा आणि पुढे आलेल्या फांद्या-वेली माळ्याला दाखवा. कोडावर बोट फिरवून पाहायला विसरू नका. सार्वजनिक जागी खऱ्या कोडावर फसवा कोड चिकटवून लोकांना पैसे किंवा पासवर्ड मागणाऱ्या पानावर नेण्याचे प्रकार होतात. कडा हाताला लागली, तर तो कागद काढा आणि त्याच दिवशी सगळ्या पाट्या तपासा. दाराशी असलेल्या पाटीवर तुमच्या डोमेनचं नाव छापा आणि लिहा की या बागेतला कोणताही कोड पैसे, ओटीपी किंवा नाव-नंबर मागत नाही.

कोणतं पान किती वेळा उघडलं, एवढा आकडा ठेवा. कोण आलं, कुठून आलं, याची नोंद नको. एखादं पान महिनोन्‌महिने कुणीच उघडत नसेल, तर दोष झाडाचा समजू नका. पाटीची जागा आणि कोडाशेजारची ओळ बदलून पाहा.

कधी वादळात झाड पडतं. खांब लगेच उपटू नका आणि पानही पुसू नका. रोज तिथून जाणारी माणसं झाड कुठे गेलं म्हणून तोच कोड स्कॅन करतील. केव्हा पडलं, किती वर्षांचं होतं हे माहीत असेल तर ते, जुने फोटो, आणि त्या जागी काय लावणार आहात, एवढं पानावर घाला. तिथे नवं रोप लागलं, की त्याला नवा क्रमांक द्या. जुना क्रमांक जुन्या झाडाच्याच नावे राहू द्या.